घडवणारा, सोडवणारा, सांभाळणारा

ख्रिस्ती धर्माचा विषय निघाला की मराठी वाचक हमखास एक प्रश्न विचारतो. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा म्हणजे आपले ब्रह्मा, विष्णू, महेशच ना? आपल्याकडे एक उत्पन्न करतो, एक पाळतो, एक संहार करतो. तसंच त्यांच्याकडे एक निर्माण करत असेल, एक तारत असेल, एक सांभाळत असेल.

प्रश्न रास्त आहे, पण त्याचं उत्तर ‘नाही’ असं आहे. का नाही, ते कळलं की ख्रिस्ती श्रद्धेचा कणाच हाती लागतो. ख्रिस्ती मतानुसार ही कामं कुणात वाटून दिलेली नाहीत. ज्याने जग घडवलं त्यानेच माणसाला सोडवलं, आणि रोज सांभाळतो तोही तोच. ऐकायला हे साधं वाटतं. पण पहिल्या चारशे वर्षांत ख्रिस्ती लोकांमध्ये जी मोठी भांडणं झाली, त्यांतली बरीचशी याच मुद्द्यावर येऊन ठेपतात. दर काही दशकांनी कुणीतरी हुशार माणूस उठायचा आणि म्हणायचा, हे सगळं एकाच्याच माथी मारू नका, वेगवेगळं करा, हिशेब सोपा होईल. हिशेब खरंच सोपा झाला असता. तरी मंडळीने (ख्रिस्ती लोक आपल्या धर्मसमुदायाला मंडळी म्हणतात) दरवेळी नकार दिला. या प्रकरणात तो नकार समजून घ्यायचा आहे.

१. सूर्याच्या आधी उजेड

बायबलचे दोन भाग आहेत. जुना करार हा मुळात यहुदी लोकांचा धर्मग्रंथ. नवा करार येशूनंतरचा. जुन्या कराराचं पहिलं पुस्तक ‘उत्पत्ती’, आणि त्याच्या पहिल्याच अध्यायात देव सहा दिवसांत जग निर्माण करतो व सातव्या दिवशी थांबतो.

वाचताना एक गोष्ट खटकते. उजेड पहिल्या दिवशी होतो आणि सूर्य चौथ्या दिवशी. मग पहिले तीन दिवस उजेड आला कुठून? ही शंका आजच्या विज्ञानवाल्यांची नाही. उत्तर आफ्रिकेतला बिशप ऑगस्टिन (३५४–४३०) याने ती सोळाशे वर्षांपूर्वी घेतली होती, आणि हे दिवस आपल्या चोवीस तासांचे दिवस नसावेत असं त्याचं मत पडलं.

सूर्याला चौथ्या दिवसावर ढकलण्यामागचा रोख कळायला शेजारी कोण होते ते पाहावं लागतं. बाबेलमध्ये (म्हणजे बॅबिलोनमध्ये) सूर्य हा शमश नावाचा देव होता आणि चंद्र सीन नावाचा. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात मात्र त्यांना नावसुद्धा नाही. एक मोठी ज्योती, एक लहान ज्योती; दिवस-रात्र मोजायला टांगलेल्या. बाबेलच्या सृष्टिकथेत मर्दुक हा देव तियामत या आदिमातेला युद्धात मारतो आणि तिच्या देहाच्या दोन भागांतून आकाश व पृथ्वी करतो. माणूस घडतो तो दुसऱ्या एका मारलेल्या देवाच्या रक्तातून, आणि कशासाठी, तर देवांच्या वाट्याची कष्टाची कामं उपसायला. उत्पत्तीमध्ये युद्ध नाही आणि रक्तही नाही. देव म्हणतो आणि होतं. माणूस वेठबिगार म्हणून नव्हे, तर देवाच्या प्रतिरूपाचा म्हणून घडवला जातो, स्त्री आणि पुरुष दोघंही. त्या काळी देवाचं प्रतिरूप म्हणवून घेण्याचा मान राजाचा होता. इथे तो सरसकट सगळ्यांना वाटून टाकलेला आहे.

आणखी एक गोष्ट. जवळजवळ प्रत्येक दिवसाच्या शेवटी देव आपलं काम पाहतो आणि ते चांगलं आहे असं ठरवतो. यावर ख्रिस्ती विचारातलं फार मोठं बांधकाम उभं आहे. माती, देह, अन्न, संसार हे बंधन नव्हे. सुटका करून घ्यायची ती यातून नाही. म्हणूनच ख्रिस्ती माणसाची शेवटची आशा आत्मा देहातून मोकळा होण्याची नसून देह पुन्हा उठण्याची आहे. हे ऐकून पुष्कळ वाचकांना नवल वाटतं. चर्चमध्ये नेमाने जाणाऱ्या काही जणांनाही वाटतं.

देवाने जग ‘शून्यातून’ निर्माण केलं, हे मत इतक्या रोखठोकपणे दुसऱ्या शतकात मांडलं गेलं. अंत्युखियाचा थियोफिलस आणि लिऑन शहराचा बिशप इरेनियस ही त्यातली ठळक नावं. त्यांच्यासमोर ग्रीक विचार होता. मूळ द्रव्य अनादी आहे आणि देव त्याला आकार देतो, असं ग्रीक मानत. या दोघांना ते पटेना. द्रव्य अनादी असेल तर देवाच्या बरोबरीला आणखी एक अनादी वस्तू आली, आणि माल जसा मिळेल तसंच घर बांधायची वेळ देवावर आली.

पण निर्मिती म्हणजे फक्त सुरुवात नव्हे. सुताराने खुर्ची केली आणि तो गावाला गेला, तरी खुर्ची राहते. गायक मात्र थांबला की गाणं थांबतं. ख्रिस्ती मतात जग खुर्चीसारखं नाही, गाण्यासारखं आहे. तेराव्या शतकातला थॉमस अक्वायनस तर यापुढे गेला. जगाला आरंभ आहे हे नुसत्या तर्काने सिद्ध होत नाही, आणि जग अनादी असतं तरीही ते देवावर अवलंबून असलेलं, म्हणजे निर्मिलेलंच ठरलं असतं, असं त्याने म्हटलं. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे ‘सांभाळणारा’ येतो तो इथूनच.

विज्ञानाचं काय? सतराव्या शतकात आयर्लंडचा आर्चबिशप अशर याने वंशावळ्यांची बेरीज करून जगाचा जन्म इसवी सनपूर्व ४००४ मध्ये ठरवला. सहा दिवस अक्षरशः खरे मानणारे लोक आजही आहेत, विशेषतः अमेरिकेत. उलट, विश्व प्रसरण पावत आहे हे १९२७ मध्ये गणिताने मांडणारा जॉर्ज लमेत्र हा बेल्जियमचा कॅथलिक धर्मगुरूच होता. १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी नव्या विश्वरचनाशास्त्राचा सांधा निर्मितीच्या श्रद्धेशी जोडणारं भाषण केलं, तेव्हा अस्वस्थ झालेल्यांत लमेत्र पुढे होते. श्रद्धेला प्रयोगशाळेचा दाखला जोडू नये, अशी त्यांची भूमिका होती. ती मला शहाणपणाची वाटते. उद्या सिद्धांत बदलला तर दाखला देणाऱ्याची पंचाईत होते.

२. विटा, पेंढा आणि एक पायताण

बायबलची पानं उलटताना आधी घडवणारा भेटतो आणि मग सोडवणारा. इस्राएल लोकांच्या अनुभवात क्रम बहुधा उलटा होता. त्यांना देव आधी कळला तो सोडवणारा म्हणून.

‘निर्गम’ या दुसऱ्या पुस्तकात हे लोक मिसर देशात गुलाम आहेत आणि तिथल्या राजासाठी, म्हणजे फारोसाठी, विटा पाडत आहेत. त्यांचा पुढारी मोशे त्यांची सुटका मागतो, तर फारो मुकादमांना हुकूम सोडतो की यांना विटांसाठी पेंढा देणं बंद करा. पेंढा त्यांनी स्वतः गोळा करावा, आणि विटांची रोजची संख्या मात्र एकानेही कमी होता कामा नये. गुलामगिरी म्हणजे काय हे सांगायला एवढा एक तपशील पुरे. पुढे समुद्र दुभंगतो, लोक पार होतात आणि सीनाय डोंगरापाशी त्यांना दहा आज्ञा मिळतात. त्या आज्ञांच्या तोंडाशी देव आपली ओळख करून देतो ती आकाश आणि पृथ्वीचा कर्ता म्हणून नव्हे. तुम्हाला गुलामीतून बाहेर काढलं तो मी, अशी. यहुदी घरांत वल्हांडण सणाला दरवर्षी हीच सुटका सांगितली जाते.

या दोन ओळखी पक्क्या एकत्र आल्या त्या मोठ्या पडझडीच्या काळात. इसवी सनपूर्व ५८६ च्या सुमारास बाबेलच्या सैन्याने यरुशलेम पाडलं, मंदिर जाळलं आणि पुष्कळ लोकांना धरून नेलं. आपला देव हरला, असंच कुणालाही वाटलं असतं. त्या काळाशी अभ्यासक ‘यशया’ या पुस्तकाचे चाळिसाव्या अध्यायापासूनचे भाग जोडतात. तिथे संदेष्ट्याचा युक्तिवाद असा आहे, की ज्याने तारे टांगले त्याला तुम्हाला घरी नेणं अवघड नाही. निर्माता असणं हीच सुटकेची हमी ठरते. पुढे कोरेश या पारसी राजाने बाबेल जिंकलं आणि लोकांना परतण्याची मुभा मिळाली.

सोडवणं म्हणजे काय, याची सगळ्यांत जवळची कथा मात्र ‘रूथ’ नावाच्या चार अध्यायांच्या छोट्या पुस्तकात आहे. बेथलेहेमची नामी दुष्काळात नवरा आणि दोन मुलांसह परमुलखात, मवाबात जाते. तिथे नवरा मरतो, दोन्ही मुलं मरतात. ती परत येते ती रूथ या परजातीच्या विधवा सुनेला घेऊन. घरची जमीन हातची गेल्यातच जमा. इस्राएलात रीत अशी, की जवळच्या भाऊबंदाने ती जमीन मोल देऊन सोडवावी म्हणजे ती कुळातच राहते. आपल्या गावांकडे गहाण पडलेली जमीन चुलत्याने सोडवली असं आपण म्हणतो, तोच अर्थ.

गावच्या वेशीवर दहा वडीलधारी बसवले जातात. सगळ्यांत जवळच्या नातलगाला विचारतात, जमीन घेतोस? तो घेतो म्हणतो. मग त्याला सांगतात की जमिनीबरोबर रूथचीही जबाबदारी घ्यावी लागेल. लगेच तो मागे सरतो, कारण त्यात त्याच्या स्वतःच्या वतनाला धक्का बसणार असतो. तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे तो पायातलं पायताण काढून देतो, म्हणजे हक्क सोडला. मग दुसरा नातलग बवाज पुढे होतो आणि दोन्ही पत्करतो. दावीद राजा हा त्याच रूथचा पणतू, आणि मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या (शुभवर्तमान म्हणजे येशूचं चरित्र) येशूच्या वंशावळीत तिचं नाव आहे.

या कथेतून दोन गोष्टी उचलायच्या. सोडवायला कुणी परका येत नाही, नात्यातलाच यावा लागतो. आणि सोडवणाऱ्याच्या खिशाला चाट बसते. पुढचा सगळा ख्रिस्ती विचार या दोन खुंट्यांवर टांगलेला आहे. देव माणसाचा नातलग व्हावा म्हणून तो येशूमध्ये माणूस झाला, आणि वधस्तंभावरचं मरण ही त्याने मोजलेली किंमत.

३. जहाजमालकाची देणगी

आता पहिलं भांडण. साधारण १४० च्या सुमारास काळ्या समुद्राकाठच्या सिनोपे गावचा मार्कियन नावाचा श्रीमंत जहाजमालक रोमला आला. त्याने तिथल्या मंडळीला दोन लाख सेस्टर्स एवढी भरघोस देणगी दिली. मग आपलं मत मांडलं. जुन्या करारातला जग घडवणारा देव कडक, हिशेबी, शिक्षा करणारा. येशू ज्याला बाप म्हणतो तो प्रेमळ देव. हे दोघे एक कसे असतील? तेव्हा घडवणारा वेगळा, सोडवणारा वेगळा. दुसऱ्याने पहिल्याच्या तावडीतून आपल्याला सोडवलं.

आजही अनेक जण बायबल वाचून याच मताला येतात, फक्त मार्कियनचं नाव त्यांनी ऐकलेलं नसतं. त्याने हातात कात्रीच घेतली. जुना करार पूर्ण बाद. नव्यातलं लूकचं शुभवर्तमान आणि पौल या प्रेषिताची दहा पत्रं तेवढी ठेवली, तीही छाटून.

रोमच्या मंडळीने १४४ साली त्याला बाहेर काढलं आणि देणगी परत केली. पैसे परत केल्याची नोंद नंतरच्या तर्तुलियन या लेखकाने केली आहे. धर्मसंस्थांच्या इतिहासात ही घटना तशी दुर्मीळच.

का नाकारलं? इरेनियसने १८० च्या सुमारास याचं उत्तर विस्ताराने दिलं. सोडवणारा परका असेल तर तो दुसऱ्याचा माल पळवतो आहे. जग वाईट कर्त्याचं असेल तर देहही वाईट, आणि मग सुटका माणसाची नव्हे, माणसातल्या एका तुकड्याची. जो घडवतो त्यालाच आपल्या कामाची चाड असते, म्हणून मोडलेलं दुरुस्त करायला तोच येतो. आजही चर्चमध्ये जो मतांगीकार, म्हणजे श्रद्धेचा संक्षिप्त जाहीरनामा म्हटला जातो, त्याची सुरुवातच देव हा पिता आहे आणि तोच स्वर्ग व पृथ्वीचा कर्ता आहे, या कबुलीने होते.

४. वधस्तंभावर नेमकं काय झालं?

रोमन सुभेदार पंतय पिलात याच्या कारकिर्दीत, ३० सालच्या आसपास, यरुशलेमजवळ येशूला खिळलं गेलं. दिवस वल्हांडणाचे होते, म्हणजे मिसरमधल्या सुटकेच्या सणाचे. तिसऱ्या दिवशी तो उठला अशी ख्रिस्ती लोकांची श्रद्धा. इथवर सगळे एकमताचे. पण एका माणसाच्या मरणाने इतरांची सुटका होते कशी, यावर मात्र एकच अधिकृत उत्तर नाही. मतांगीकार हे आमच्या तारणासाठी झालं एवढं सांगतो आणि ‘कसं’ यावर गप्प राहतो.

आधी सुटका कशातून, ते पाहू. ख्रिस्ती बोलण्यात पाप म्हणजे फक्त वाईट कृत्यांची यादी नव्हे. घडवणाऱ्याकडे पाठ फिरवून बसलेली ती एक अवस्था आहे, आणि तिचा शेवट मरण. कर्माचा हिशेब आपला आपण फेडता येतो असं मानणाऱ्या वाचकाला इथे थांबावं लागेल, कारण ख्रिस्ती मतात हा हिशेब माणसाच्या हाताबाहेर गेलेला आहे.

तिसऱ्या शतकातल्या ओरिगेनसारख्यांनी खंडणीचा दाखला घेतला. माणूस सैतानाच्या ताब्यात होता, ख्रिस्ताचा जीव ही त्याच्या सुटकेची खंडणी. चौथ्या शतकात नाझियान्झसच्या ग्रेगरीने यावर नेमकं बोट ठेवलं. खंडणी सैतानाला दिली? दरोडेखोराला, आणि तीही देवाचा पुत्र? बरं, पित्याला दिली म्हणावं, तर ती त्याने मागितली होती कधी? दोन्ही उत्तरं त्याला पटली नाहीत. कँटरबरीचा आर्चबिशप अँसेल्म याने १०९८ मध्ये आपल्या ग्रंथात वेगळी मांडणी केली. त्याच्या काळच्या सरंजामी जगात धन्याच्या मानाला लागलेला धक्का भरून द्यावाच लागे. माणसाने देवाचा मान मोडला, भरपाई माणसानेच द्यायला हवी, पण ती ऐपत फक्त देवाची. म्हणून देव-माणूस. सोळाव्या शतकातल्या सुधारकांनी हीच गोष्ट कोर्टाच्या भाषेत नेली, शिक्षा आणि निर्दोष सुटका. त्याच्या उलट, बाराव्या शतकात पीटर अबेलार्डचा भर ख्रिस्ताचं प्रेम पाहून माणसाचं मन पालटतं, यावर होता.

मला या सगळ्या युक्तिवादांपेक्षा एक चित्र अधिक बोलकं वाटतं. इस्तंबूलच्या एके काळच्या खोरा चर्चमध्ये (आता ती मशीद आहे) चौदाव्या शतकातलं भित्तिचित्र आहे. पांढऱ्या वस्त्रातला ख्रिस्त मृतांच्या लोकात उतरला आहे. पायाखाली त्या तुरुंगाचे मोडून पडलेले दरवाजे, आणि खाली अंधारात विखुरलेली कुलपं, किल्ल्या, खिळे. एका हाताने त्याने आदामाला आणि दुसऱ्याने हव्वेला थडग्यातून ओढून काढलं आहे. पकड मनगटाची आहे. म्हणजे ओढणारा ओढतो आहे, ओढल्या जाणाऱ्याची ताकद जमेला धरलेली नाही. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोकांत पुनरुत्थानाचं चित्र म्हणून हेच काढतात.

५. निकाया, आणि सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर

दुसरं भांडण अलेक्झांड्रियात पेटलं. एरियस नावाच्या धर्मगुरूने शिकवलं, की पुत्र थोर आहे, सर्वांत पहिला आहे, पण निर्मिलेला आहे. सम्राट कॉन्स्टंटाइनने ३२५ साली निकाया इथे, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या इझनिकमध्ये, बिशपांची परिषद बोलावली आणि एरियसचं मत फेटाळलं गेलं. पुढे हा निर्णय लावून धरला तो अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस याने, आणि त्यापायी त्याला पाच वेळा हद्दपारी भोगावी लागली. त्याचं म्हणणं इरेनियसच्याच वाटेवरचं होतं. निर्मिलेला जीव दुसऱ्या निर्मिलेल्या जीवाला मरणातून सोडवू शकत नाही. पुन्हा घडवणं हे पहिल्याने घडवणाऱ्यालाच जमतं. ३८१ मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेने पवित्र आत्म्याबद्दलची वाक्यं पक्की केली.

मग तीन देव झाले का? निस्साच्या ग्रेगरीने (हा वेगळा ग्रेगरी) याच शंकेवर एक छोटा निबंध लिहिला. तीन शेतकऱ्यांना आपण तीन म्हणतो, कारण प्रत्येक जण आपापलं काम स्वतंत्र करतो. पिता, पुत्र आणि आत्मा यांचं मात्र एकही काम वेगळं निघत नाही. घडवणं, सोडवणं, सांभाळणं ही प्रत्येक कृती पित्यापासून निघते, पुत्रातून येते आणि आत्म्यात पुरी होते. ब्रह्मा, विष्णू, महेश यांच्याशी जुळणी बसत नाही ती इथे. एकच देव तीन वेळा तीन सोंगं घेतो, हे सोपं स्पष्टीकरणही मंडळीने तिसऱ्या शतकातच बाजूला सारलं होतं. यापलीकडे हे गणितात बसत नाही, आणि बसवण्याचा आव ख्रिस्ती विचारवंतही फारसा आणत नाहीत.

६. हेच ओवीत

मराठीत हे सगळं चारशे वर्षांपूर्वी सांगून झालं आहे. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्याला आला आणि उरलेलं आयुष्य तिथेच राहिला. त्याचं ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये साष्टीतल्या राशोल इथे छापलं गेलं. सुमारे अकरा हजार ओव्या. सुरुवात आपल्या पोथ्यांसारखी नमनाने, फक्त नमन विश्व व्यापणाऱ्या सर्वसमर्थ पित्याला. ग्रंथाचे भाग दोन. पहिल्या पुराणात जगाच्या उत्पत्तीपासून जुन्या कराराची कथा आणि तारणाऱ्याची वाट पाहणं, दुसऱ्यात ख्रिस्ताचं चरित्र. मार्कियनने जे कापून वेगळं केलं होतं, ते गोव्यातल्या श्रोत्याला एकाच पोथीत सलग ऐकायला मिळालं.

७. मग लिस्बन का कोसळलं?

घडवणारा आणि सोडवणारा हे पंडितांचे वाद. सामान्य ख्रिस्ती माणसाच्या रोजच्या जिभेवर असतो तो सांभाळणारा. गोव्यात घरासमोर क्रूस असतो, प्रवासाला निघताना प्रार्थना होते, आजाऱ्याच्या उशाशी स्तोत्र वाचतात. आणि सगळ्यांत अवघड प्रश्नही इथेच आहे.

१ नोव्हेंबर १७५५. सर्व संतांच्या सणाचा दिवस, सकाळची वेळ, पोर्तुगालमधल्या लिस्बनची चर्चं भरलेली. भूकंप झाला, छपरं भाविकांवर कोसळली. पेटत्या मेणबत्त्यांनी आगी लागल्या, आणि बंदरावर धावलेल्यांवर समुद्र चालून आला. हजारोंनी माणसं गेली. व्होल्तेर या फ्रेंच लेखकाने आधी कविता आणि मग १७५९ मध्ये ‘कांदीद’ लिहून, सगळं काही उत्तमासाठीच चाललं आहे असं म्हणणाऱ्यांची रेवडी उडवली. काही धर्मोपदेशकांनी याला पापाची शिक्षा ठरवलं.

त्या उपदेशकांनी आपलंच पुस्तक नीट वाचलं नव्हतं, असं म्हणावं लागतं. लूकच्या तेराव्या अध्यायात शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा जण मेल्याचा विषय येतो. ते इतरांपेक्षा जास्त पापी होते का? येशूचं उत्तर स्पष्ट ‘नाही’ असं आहे, आणि लगेच तो ऐकणाऱ्यांना स्वतःकडे पाहायला सांगतो. मंदिराच्या शिखरावरचा प्रसंग आणखी बोलका आहे. सैतान येशूला खाली उडी टाकायला सांगतो आणि देवदूत झेलतील याचा पुरावा म्हणून चक्क स्तोत्रसंहितेतलं वचन पुढे करतो. येशू उडी मारत नाही. देव सांभाळतो या श्रद्धेचा विम्यासारखा वापर करणं, ही बायबलच्या मते सैतानाची सूचना आहे.

दानीएलच्या पुस्तकात शद्रख, मेशख आणि अबेद्नगो या तिघांना नबुखद्नेस्सर राजा आगीच्या भट्टीची धमकी देतो. आमचा देव वाचवेल, असं ते सांगतात. पण पुढे हेही सांगतात, की नाही वाचवलं तरी आम्ही तुझ्या मूर्तीपुढे वाकणार नाही. ख्रिस्ती अर्थाने ‘देव सांभाळतो’ हे विधान त्या दुसऱ्या अर्ध्या भागासकटच पुरं होतं. संकट येणारच नाही अशी हमी त्यात नाही. संकटात हात सुटणार नाही, एवढंच म्हणणं आहे. हे पुरेसं आहे की पळवाट आहे, ते ज्याचं त्याने ठरवावं. स्वतःच्या जिवावर ते तपासलेली माणसं मात्र आहेत. जर्मन पाद्री डीट्रिश बोनहोफर याने डिसेंबर १९४४ मध्ये बर्लिनमधल्या गेस्टापोच्या कोठडीतून देवाच्या संरक्षणावर एक कविता आपल्या वाग्दत्त वधूला धाडली. ९ एप्रिल १९४५ ला फ्लोसेनबर्गच्या छळछावणीत त्याला फाशी दिलं. दोनच आठवड्यांनी अमेरिकन सैन्य तिथे पोचलं. ती कविता जर्मन चर्चमध्ये आज नव्या वर्षाच्या तोंडावर गायली जाते.

सतराव्या-अठराव्या शतकात काहींनी हा पेच सोडवायला देव आणि जग यांचीच फारकत केली. देवाने जग चालू केलं आणि मग त्यात ढवळाढवळ केली नाही, असं डीइस्ट म्हणवणारे मानत. त्यांच्या विचाराच्या जवळ असलेल्या टॉमस जेफर्सन या अमेरिकी अध्यक्षाने म्हातारपणी शुभवर्तमानांतले चमत्कार वगळून उरलेला मजकूर कापून चिकटवला. मार्कियननंतर पुन्हा एकदा धारदार पातं.

मंडळीचं उत्तर वेगळ्या दिशेचं होतं. देव सांभाळतो तो बहुतेक वेळा चमत्काराने नव्हे, साध्या साधनांनी. मार्टिन ल्यूथरने १५२९ च्या प्रश्नोत्तरीत रोजच्या भाकरीचा अर्थ सांगताना अन्न-वस्त्रापाठोपाठ घर, शेत, गुरं, चांगलं सरकार, चांगलं हवामान आणि चांगले शेजारीही मोजले आहेत. शेजारी हा देवाच्या सांभाळण्याचा भाग, ही यादीतली नोंद मला सगळ्यांत पटते.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण याच यादीत बसतं. १८७० च्या दशकातल्या दुष्काळाने त्यांचे आई-वडील नेले. १८८३ मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पण ख्रिस्त हा तारणारा म्हणून आपल्याला त्यानंतर कित्येक वर्षांनी कळला, असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. १८९६–९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, अनाथ मुलींना घेऊन आल्या. त्यांच्यासाठी केडगावला उभारलेल्या वस्तीचं नाव त्यांनी ‘मुक्ती’ ठेवलं.

ज्यांना मूळ ग्रंथ उघडून पाहायचा आहे त्यांना एक सूचना. पहिल्या पानापासून सरळ वाचत जाऊ नका, लेवीय या तिसऱ्या पुस्तकातल्या यज्ञांच्या नियमांत दमून जाल. उत्पत्तीचे पहिले तीन अध्याय वाचा, मग निर्गमचे पहिले वीस. नंतर रूथ, ते एका बैठकीत होतं. त्यापुढे लूकचं शुभवर्तमान पूर्ण. ईयोबाचं पुस्तक शेवटी घ्या, आणि त्यातले ईयोबाला समजावणारे मित्र काय काय बोलतात ते लक्ष देऊन वाचा. अखेरीस देव रागावतो तो त्यांच्यावर.